सर्व ऋतूंचा टायर

बंगळूरच्या जयनगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थाची कल्पना करावी. नोकरीच्या निमित्ताने वीस-बावीस वर्षांपूर्वी तो या शहरात आला, कानडी कामापुरती शिकला, आणि आता त्याच्या दारात एक छोटी मोटारगाडी उभी असते. ही गाडी आठवड्यातून तीनचार दिवस बाजाराला, मुलांच्या शिकवणीला, एखाद्या लग्नकार्याला जाते; आणि वर्षातून एकदा, गणपतीला किंवा दिवाळीला, साऱ्या कुटुंबाला पोटात घेऊन कोल्हापूरची वाट धरते. अशी सहा वर्षे सुखाने जातात. मग एके दिवशी गाडी तपासणारा मिस्त्री चाकावरून हात फिरवतो आणि "सार" अशी सुरुवात करून, अर्ध्या कानडीत व अर्ध्या हिंदीत, जे सांगतो त्याचा मराठी अर्थ एवढाच असतो की टायर गोटा झाले आहेत, चारही बदलावे लागतील.

प्रश्न लहान दिसतो, पण हा गृहस्थ त्यापुढे गोंधळून जातो. भेंडी घेताना तो तिचे टोक मोडून पाहतो, आंबा हुंगून पाहतो, कापड बोटांत चुरगळून पाहतो. टायरचे काय पाहावे? सगळे काळे, सगळे गोल, सगळ्यांना एकच वास. शेजारी सांगतो की सर्वांत जास्त किलोमीटर चालणारा घ्या. कचेरीतला तरुण सहकारी सांगतो की जरा रुंद घ्या, गाडी उठून दिसते. मेहुणा म्हणतो की चार महिने ढकला, काही बिघडत नाही. आणि शिकागोचा पुतण्या दूरध्वनीवरून सांगतो, "काका, ऑल-सीझन टायर घ्या म्हणजे झाले." चौघांचा हेतू चांगला आहे, पण चौघांचाही सल्ला या माणसाच्या कामाचा नाही.

पुतण्यापासूनच आरंभ करावा. कारण 'सर्व ऋतूंचा टायर' हे शब्द कानाला मोठे गोड लागतात. आपल्या पंचांगात ऋतू सहा, व्यवहारात तीन. त्या सर्वांना पुरेल असा टायर कोणाला नको? परंतु ज्या देशांत हा शब्दप्रयोग रूढ झाला, तेथे ऋतू म्हणजे मुख्यतः दोनच, बर्फाचा आणि बिनबर्फाचा. उन्हाळी टायरचे रबर हवेचे तपमान सुमारे सात अंशांच्या खाली उतरले की ताठरू लागते व रस्त्याला धरीनासे होते. म्हणून तेथे हिवाळ्यासाठी मऊ रबराचे, बारीक चिरांचे वेगळे टायर करतात. जर्मनीत तर रस्त्यावर बर्फ किंवा हिम असेल तेव्हा तसे टायर लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे. वर्षातून दोनदा टायर बदलण्याची ही कटकट ज्यांना नको त्यांच्यासाठी जो मधला मार्ग निघाला तो 'ऑल-सीझन' टायर. थोडा उन्हाळी, थोडा हिवाळी, आणि म्हणून दोन्ही बाबतींत थोडा कमी. तडजोड वाईट नाही. पण ज्याला हिवाळाच नाही त्याने ती का करावी?

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. तेथील थंडीचे कौतुक मुंबईचे लोक फार करतात; परंतु या शहराच्या नोंदींतील सर्वांत कमी तपमान ७.८ अंश, आणि तेही जानेवारी १८८४ मधले. म्हणजे गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत बंगळूरची थंडी टायरच्या रबराला ताठरवण्याइतकी एकदाही पडलेली नाही. या देशात छोट्या मोटारींसाठी जे टायर तयार होतात ते मुळातच उष्ण हवेसाठी आणि भर पावसासाठी केलेले असतात. बाहेरचे टायर मागवावेत म्हटले तर जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याच्या बंधनात आली. तेव्हा पुतण्याचे शब्द दुकानात कोणी उच्चारले, किंवा टायरच्या कडेवर एखाद्या अक्षरखुणेत दिसले, तरी त्यासाठी एक रुपयाही जास्त देण्याचे कारण नाही.

मग बंगळूरच्या गाडीचा खरा ऋतू कोणता? पाऊस. आणि तोही एका हंगामापुरता नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर तापलेल्या शहरावर संध्याकाळी वळीव कोसळतो. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेव्हा पुण्यात छत्र्या वाळत घातलेल्या असतात, तेव्हा येथे वर्षातला सर्वांत मोठा पाऊस होतो. आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचे शेपूट नोव्हेंबरपर्यंत लांबते. वर्षाकाठी सरासरी सुमारे हजार मिलिमीटर. मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण तो सहा-सात महिन्यांवर पसरलेला असतो, आणि मधल्या कोरड्या दिवसांत रस्त्यावर तेल, धूळ व झिजलेल्या रबराची भुकटी साचते. पहिल्या पंधरा मिनिटांच्या सरीत त्या मिश्रणाचा जो बुळबुळीत थर होतो, तो मुसळधार पावसाहूनही घसरडा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर आणि बेळ्ळंदूरच्या बाजूला पाणी एवढे चढले की नोकरदारांना ट्रॅक्टरमध्ये बसून कचेऱ्या गाठाव्या लागल्या. तसल्या दिवशी कोणताही टायर उपयोगाचा नाही. त्याचे काम रोजच्या पावसात पडते. सिग्नल हिरव्याचा तांबडा होतो, पुढचा स्कूटरवाला अचानक थांबतो, आणि ब्रेकवर पाय जातो.

त्या क्षणी गाडी रस्त्याला कशाने धरलेली असते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. माणसांसह छोटी गाडी साधारण अकराशे किलोंची धरली, तर एका चाकावर पावणेतीनशे किलोंचा भार येतो. चाकात बत्तीस पौंड हवा आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोंचा दाब. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे १२२ चौरस सेंटिमीटर. आपल्या टपालखात्याचे पोस्टकार्ड एवढेच असते. चार पोस्टकार्डे! सारे कुटुंब, त्यांचे सामान, त्यांचे आयुष्य या चार पोस्टकार्डांवर उभे असते. रस्ता कोरडा असेल तर टायर गुळगुळीत असूनही ही कार्डे रस्त्याला चिकटून राहतात. आणि म्हणूनच मेहुण्याचा 'चार महिने ढकला' हा सल्ला उन्हाळ्यात खरा ठरल्यासारखा वाटतो. परंतु रस्ता ओला झाला की पोस्टकार्डाखालचे पाणी बाहेर काढण्याचे काम टायरवरच्या खाचांना करावे लागते. खाचा उथळ झाल्या की पाण्याला जायला वाट राहत नाही, वेग वाढताच चाक पाण्यावर चढते, आणि मग सुकाणू फिरवले काय किंवा ब्रेक दाबला काय, गाडीला त्याचा पत्ताच नसतो.

नव्या टायरच्या खाचा सुमारे सात ते आठ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मोटारीसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर ठरवली आहे. खाचांच्या तळाशी अधूनमधून छोटे उंचवटे ठेवलेले असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला की कायद्याची मर्यादा गाठली असे समजावे. पण कायद्याची मर्यादा ही शहाणपणाची मर्यादा नव्हे. ज्याला वर्षातले सहा महिने पावसात गाडी हाकायची आहे त्याने तीन मिलिमीटरलाच नवे टायर घ्यावेत. त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही. आगपेटीतील एक काडी खाचेत उभी धरावी, नखाने खूण करावी आणि मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजावी.

वर्षातून एकदा ही गाडी कोल्हापूरला जाते, हे विसरून चालणार नाही. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव अशी ही सहाशेहून अधिक किलोमीटरांची वाट. (पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता, आता ४८ झाला आहे; जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'एन एच फोर'च आहे.) शहरात ताशी वीस किलोमीटरने रांगणारी गाडी येथे शंभराच्या वेगाने तासन् तास धावते. येथे टायरचा शत्रू पाणी नव्हे, उष्णता. हवा कमी असलेल्या टायरची कड प्रत्येक फेऱ्यात दुमडते व उलगडते. एखादी तार वारंवार वाकवली की जशी तापते तशी ती तापते, आणि शेवटी टायर फुटतो. नागपूर ते शिर्डी असा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा घरोघरी झाली, आणि पुष्कळांनी दोष काँक्रीटच्या रस्त्याला दिला. रस्ता सरळ होता, वेग अखंड होता. गावातल्या गावात ज्या टायरांचे वय, झीज आणि कमी हवा झाकून राहत होती, ती तेथे उघडी पडली. पुढे परिवहन खात्याने त्या मार्गावर टायरांची तपासणी सुरू केली.

म्हणून हवा. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर गाडीच्या कारखान्याने किती पौंड हवा भरावी ते छापलेले असते. सामानासह जाताना थोडी अधिक. दर पंधरवड्याला, आणि गाडी थंड असताना, ती मोजावी. नायट्रोजन भरून देतो म्हणून दुकानदार दर चाकामागे पैसे मागतो. त्यात गैर काही नाही, फक्त आपण श्वासाबरोबर घेतो त्या फुकटच्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो.

आता टायरच्या कडेवरची अक्षरे. ज्यांना ती वाचता येतात त्यांना दुकानदार अधिक आदराने वागवतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. समजा तेथे '१६५/८० आर १४ ८५ टी' असे कोरलेले आहे. पहिला आकडा रुंदीचा, १६५ मिलिमीटर. दुसरा कडेच्या उंचीचा. रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. फ्रान्सच्या मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. आपल्याकडच्या अँबॅसडर आणि फियाट गाड्या मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्या, आडव्यातिडव्या धाग्यांच्या व ट्यूब घातलेल्या टायरांवरच धावत होत्या. चौदा हा लोखंडी चक्राचा, म्हणजे रिमचा, व्यास इंचांत. '८५' म्हणजे ५१५ किलो भार, आणि 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. भाराचा आकडा गाडीच्या मूळ टायरहून कमी असलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. हे सोडून आणखी दोन गोष्टी पाहावयाच्या. आय.एस.आय.ची खूण, जी २००९ च्या सरकारी आदेशाने आवश्यक ठरली. आणि लंबवर्तुळात कोरलेले चार आकडे. त्यांत '३२२५' असे असेल तर तो टायर २०२५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला.

तरुण सहकाऱ्याच्या 'रुंद घ्या' या सल्ल्याचा निकाल याच आकड्यांत लागतो. मारुती स्विफ्टचे उदाहरण घ्यावे. तिच्या साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि महाग प्रकारांना १८५/६५ आर १५ टायर येत आले आहेत. गणित केले तर दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास सारखाच भरतो, जेमतेम दोन मिलिमीटरांचा फरक. म्हणजे रिम मोठी झाली तेवढी रबराची कड आखूड झाली. आता बंगळूरचे रस्ते डोळ्यांसमोर आणावेत. मेट्रोसाठी खणलेले, जलवाहिनीसाठी पुन्हा खणलेले, दर शंभर पावलांवर उंचवटा आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये पाण्याने भरलेला, खोली न कळणारा खड्डा. त्या खड्ड्यात चाक आपटते तेव्हा धक्का झेलणारी ही १३२ मिलिमीटरची कडच असते. ती आखूड केली तर धक्का रिमला व कडेतल्या धाग्यांना बसतो, आणि टायरच्या बाजूला गळवासारखा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. कारखान्याने जे माप दिले तेच घ्यावे. दिसण्याची हौस बंगळूरच्या खड्ड्यांना परवडणारी नाही.

राहिला शेजारी, आणि त्याचा 'जास्त किलोमीटर'चा सल्ला. काटकसरी माणसाला हाच सर्वांत पटतो. समजा एक टायर पाच हजारांचा असून ऐंशी हजार किलोमीटर चालेल असे विक्रेता सांगतो, आणि दुसरा साडेचार हजारांचा असून पंचेचाळीस हजारच चालतो. चार चाकांचा हिशेब केला तर पहिल्याला किलोमीटरमागे पंचवीस पैसे पडतात, दुसऱ्याला चाळीस. मुनीमजी पहिल्याच्या बाजूने निकाल देतील. परंतु आपल्या गृहस्थाची गाडी सहा वर्षांत बेचाळीस हजार किलोमीटर चालली. वर्षाला सात हजार. ऐंशी हजार किलोमीटर पुरे करायला तिला साडेअकरा वर्षे लागतील. रबर तेवढे थांबत नाही. ऊन, हवा आणि काळ यांनी ते आतून वाळत जाते, कडेवर बारीक भेगा पडतात. म्हणून पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर, खाचा शाबूत असल्या तरी, निवृत्ती, असा सल्ला टायरचे कारखानदारच देतात. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांवरच बोट ठेवतात. सहा-सात वर्षांत हा गृहस्थ त्या लांबच्या टायरचेही पंचेचाळीस-पन्नास हजार किलोमीटरच वापरणार. उरलेल्या तीस हजारांचे पैसे त्याने भरले, पण ते किलोमीटर त्याच्या नशिबात नव्हते.

एवढ्यावरच तोटा संपत नाही. लवकर न झिजणारे रबर बहुधा कठीण असते, आणि ओल्या रस्त्याला धरणारे बहुधा मऊ. चांगल्या रबरात सिलिका मिसळून हे भांडण बरेचसे मिटवता येते. मिशलँनेच १९९२ मध्ये ती वाट रूढ केली. पण स्वस्त टायरमध्ये भांडण उरतेच. न वापरलेल्या किलोमीटरांची जास्तीची किंमत या माणसाने पावसातल्या पकडीतून मोजली असती. उलट, ज्याची गाडी भाड्याने फिरते, जो दिवसाला दोनशे किलोमीटर चालतो, त्या टॅक्सीवाल्याला शेजाऱ्याचा सल्ला अगदी योग्य आहे. त्याचा टायर म्हातारा होण्याआधी झिजतो. एकच दुकान, एकच माप, आणि दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळे टायर स्वस्त. ओल्या रस्त्यावरील पकडीची परीक्षा आता नियमांतही आली आहे: ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना, आणि त्यानंतरच्या वर्षी जुन्या रचनांनाही, ठरावीक कसोटीला उतरणे बंधनकारक झाले. तेव्हा आय.एस.आय.ची खूण असलेला, नामांकित कारखान्याचा मध्यम किमतीचा टायरही पूर्वीइतका जुगार राहिलेला नाही. रस्त्याकडेला काळे पॉलिश लावून मांडलेले वापरलेले टायर मात्र जुगारच.

अशी तयारी करून हा गृहस्थ जे. सी. रोडला जातो. म्हैसूरच्या महाराजांचे, जयचामराजेंद्रांचे, नाव धारण करणारा हा रस्ता मोटारींच्या सुट्या भागांसाठी बंगळूरभर प्रसिद्ध आहे. दुकानदार प्रथम मागच्या खोलीतला माल काढतो. कडेवरचे चार आकडे वाचल्यावर तो दोन वर्षांपूर्वीचा निघतो. नीट ठेवलेला टायर दोन वर्षांत बिघडत नाही हे दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही. टॅक्सीवाल्याने सवलत मागून तो खुशाल घ्यावा. पण ज्याचा टायर झिजून नव्हे, तर वयाने निवृत्त व्हायचा आहे, त्याने गेल्या चार-सहा महिन्यांतलाच मागावा. दुकानदार किंचित हसून दुसरा काढतो. किमतीत घासाघीस होते. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्याचे दुकानदारालाही कळते. बिल पक्के मागितले जाते, कारण त्याशिवाय हमी चालत नाही.

शेवटी पैशांचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. या महिन्यात दोनच घेतले तर? हरकत नाही; पण ते कोठे लावायचे? छोट्या गाड्यांत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते, म्हणून मिस्त्री नवे टायर हटकून पुढे बसवतात. ते मागे बसवावेत. ओल्या वळणावर पुढची चाके सरकली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि चालकाला ते कळते. मागची सरकली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते, आणि ती सावरणे सराईतालाही कठीण. या गृहस्थाचे मात्र चारही गोटा झाले आहेत. तो चारही घेतो. चाकांचा तोल आणि त्यांची सरळ रेषा यंत्रावर तपासून घेतो, कारण ती बिघडलेली असेल तर नवा टायरही एका कडेने वर्षभरात झिजतो.

पोऱ्या डिकी उघडतो आणि स्टेपनी बाहेर काढतो. वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास दोन भावांनी जादा चाकाचा जो कारखाना काढला, त्याच्या पत्त्यातला हा शब्द आपल्या देशात असा रुजला की तो इंग्रजांचा आहे हेही कोणाला आठवत नाही. स्टेपनी दिसायला कोरी करकरीत आहे. तिच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून गेलेले नाहीत. पोऱ्या नळी लावतो. काटा बारावर थांबतो. बारा पौंड! सहा वर्षांत कोल्हापूरच्या सहा फेऱ्या या चाकाच्या भरवशावर झाल्या. गृहस्थ तिच्या कडेवरचे चार आकडे वाचतो, गाडीच्या वयाशी ताडून पाहतो, आणि हे चाक फक्त पंक्चर काढण्याच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतेच वापरायचे असे मनाशी ठरवून तीत पस्तीस पौंड हवा भरायला सांगतो.